वेगळी बिऱ्हाडे, एक कोठार



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, फार तर दुष्काळ आणि पाणी असे विषय डोळ्यांपुढे येतात. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात हा उपक्रम सुरू केला तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे व लोकांनी ऐकावे असा शिरस्ता पडला आहे. आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली आणि पुढचे सारे आयुष्य कामगारांचे अर्ज लिहिण्यात, मस्टर तपासण्यात आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेले. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'संगणकातली पॅकेजे आणि त्यांची वेगळी बिऱ्हाडे' असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. पण आमच्या सभासदांच्या पगारातल्या फरकाचा हिशेब आज संगणक करतो, आणि तो हिशेब कशावर उभा आहे हे कळले नाही तर कामगाराचा पैसा बुडतो. म्हणून हा विषय आमचाच आहे.

मुळापासून सांगतो. पायथन नावाची एक संगणकाची भाषा आहे. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थाने ती १९९१ मध्ये जगापुढे ठेवली. या भाषेत लिहिणारा माणूस सगळे काही स्वतः लिहीत नाही. आकडेमोड करणारे, कोष्टके वाचणारे, चित्रातली अक्षरे ओळखणारे असे तयार भाग दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवलेले असतात. त्या एकेका तयार भागाला पॅकेज म्हणतात. ही पॅकेजे ठेवण्याचे एक सार्वजनिक कोठार २००३ पासून चालू आहे, त्याचे नाव पायपीआय. तिथला माल आपल्या संगणकात आणून टाकणारा एक कार्यक्रम आहे, त्याला पिप म्हणतात. पिप हा आमचा माथाडी समजा. तो पाठीवर गोणी घेऊन येतो आणि सांगाल त्या घरात उतरवतो. कोणते घर, हे मात्र तुम्ही सांगायचे असते. न सांगितल्यास जे घर आधी दिसेल तिथे तो गोणी टाकून मोकळा होतो, आणि मग मालक दुसऱ्याच घरात बसून 'माल आला नाही' म्हणून ओरडत राहतो.

या क्षेत्रातले निम्मे रडगाणे इथेच असते. एका संगणकावर तीन-तीन पायथन असतात. एक यंत्राबरोबर आलेले, एक आपण घातलेले, एक कुठल्याशा शिकवणीच्या वर्गात घातलेले. मुलगा पॅकेज घालतो एका पायथनात आणि कार्यक्रम चालवतो दुसऱ्यात. पडद्यावर येते की असे पॅकेज नाही. तो पुन्हा घालतो. पिप म्हणतो, ते तर आधीच आहे. दोघेही खरे बोलत असतात! यावर उपाय साधा आहे. पिपला परस्पर हाक न मारता, जे पायथन वापरायचे त्याच्याच तोंडून त्याला बोलवावे. आज्ञा देताना आधी त्या पायथनचे नाव, मग 'डॅश एम पिप'. माथाडी कोणाच्या सांगण्यावरून आला हे मग निश्चित असते.

आता मुख्य अडचण. पायथनच्या एका घरात एका नावाचे एकच पॅकेज राहू शकते. नम्पाय नावाचे आकडेमोडीचे एक प्रसिद्ध पॅकेज आहे. त्याची पहिली पिढी आणि दुसरी पिढी एका घरात एकत्र नांदत नाहीत. नवी आली की जुनी बाहेर जाते. नोड नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेत एकाच पॅकेजच्या अनेक आवृत्त्या एका कार्यक्रमाच्या पोटात राहू शकतात. तिथे जागा फार खाल्ली जाते, पण भांडण कमी. पायथनने तो मार्ग घेतला नाही.

याचा फटका कसा बसतो ते आमच्याच संघटनेच्या कचेरीत पाहिले. जिल्ह्यातल्या एका ठिकाणच्या कंत्राटी कामगारांचा किमान वेतनातला फरक काढायचा होता. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्यामुळे पाच वर्षांचा फरक म्हणजे माणसामागे दहा वेगळे दर, त्यात कोणाचे खाडे, कोणाचा जादा वेळ. हाताने करायला बसले तर दिवाळी उलटते. एका सभासदाच्या मुलाने पायथनमध्ये कार्यक्रम लिहून दिला आणि तो वर्षभर उत्तम चालला. पुढे दुसरे काम आले. जुन्या मस्टरांचे फोटो काढून त्यांतले आकडे यंत्राकडून वाचून घ्यायचे होते. त्यासाठी चित्र वाचणारे पॅकेज त्याच यंत्रावर, त्याच घरात घातले गेले. त्या पॅकेजला नम्पायची दुसरी पिढी हवी होती. ती पिढी २०२४ च्या जूनमध्ये आली होती. पिपने ती आणली, पहिली काढून टाकली, जाता जाता लाल अक्षरांत दोन ओळींचा इशारा दिला आणि काम पुरे झाले म्हणून सांगितले. फरकाचा कार्यक्रम ज्या पांडाज नावाच्या पॅकेजवर उभा होता त्याची आवृत्ती पहिल्या पिढीसाठी घडवलेली होती. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम उघडताच कोसळला.

"मामा, कालपर्यंत चालत होतं. मी तर त्याला हातच लावला नाही," मुलगा म्हणाला.

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याने कार्यक्रमाच्या एका ओळीलाही हात लावला नव्हता, आणि त्याचा दोषही नव्हता. सगळ्यांनी एका घरात राहावे असा जगाचाच परिपाठ होता. सुनावणी चार दिवसांवर होती आणि कामगारांच्या बायका दाराशी येऊन आकडा विचारत होत्या.

एकत्र कुटुंबात एका चुलीवर भागेनासे झाले म्हणजे आपल्याकडे वेगळी चूल मांडतात. त्यात नेहमीच वैर असते असे नाही. थोरल्याच्या घरात पथ्याचे जेवण लागते, धाकट्याला तिखट लागते, एवढ्यानेही चूल वेगळी होते आणि भाऊ भाऊच राहतात. संगणकाच्या लोकांनी नेमके हेच केले. इयन बिकिंग नावाच्या कार्यक्रमकाराने २००७ मध्ये 'व्हर्च्युअलएन्व्ह' काढले, आणि २०१२ मध्ये पायथनच्या ३.३ या आवृत्तीपासून तशीच सोय 'व्हीएन्व्ह' या नावाने भाषेतच आली. इंग्रजी शब्द एन्व्हायर्नमेंट असा आहे. त्याचे कोशातले मराठी वातावरण. पण वातावरणात गोणी उतरवता येत नाही. आम्ही बिऱ्हाड म्हणतो. प्रत्येक कामाला वेगळे बिऱ्हाड, त्यात त्या कामापुरतीच पॅकेजे. फरकाच्या बिऱ्हाडात नम्पायची पहिली पिढी सुखाने राहते, मस्टर वाचण्याच्या बिऱ्हाडात दुसरी. दोघींची गाठ पडत नाही. सुनावणीच्या आदल्या रात्री त्या मुलाने हेच केले आणि आकडा मिळाला.

हे बिऱ्हाड म्हणजे काही गूढ नाही. तो एक साधा फोल्डर असतो. त्यात पायथनकडे बोट दाखवणारी खूण, एक पिप आणि पॅकेजे ठेवण्याची जागा. मोडले तर फोल्डर पुसून टाकायचा आणि पुन्हा मांडायचा. याचेच नाव स्वातंत्र्य.

इथे आपल्यासारख्या जिल्ह्यातला माणूस शंका काढतो, आणि ती रास्त आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा माल म्हणजे तोच माल पाच वेळा उतरवायचा. भूम-परांड्याकडच्या खेड्यात फोनच्या जाळ्यावर एक मोठे पॅकेज उतरवताना माणूस टेकडीवर जाऊन उभा राहतो, तिथे ही चैन कशी परवडावी? उत्तर असे की चूल वेगळी असली तरी कोठार वेगळे असावे लागत नाही. पूर्वी आपल्या भागात जमिनीत पेव असे, आणि वाटणी झाल्यावरही कित्येक घरांचा दाणा एकाच पेवात राही. पिप एकदा आणलेला माल आपल्या साठ्यात ठेवतो. दुसऱ्या बिऱ्हाडाने तीच आवृत्ती मागितली तर तो माल पुन्हा बाहेरून उतरवत नाही. मात्र प्रत्येक बिऱ्हाडात तो पूर्ण प्रत टाकतो, म्हणून तबकडीवरची जागा जाते. कोंडा नावाची व्यवस्था आणि २०२४ मध्ये आलेले यूव्ही हे साधन याच्याही पुढे गेले. ती फाइल एकदाच ठेवतात आणि जमेल तिथे प्रत्येक बिऱ्हाडातून तिच्याकडे दार उघडतात. दहा बिऱ्हाडे, दाणा एकच. फक्त एक पथ्य आहे. अशा घरात बसून पॅकेजची फाइल स्वतःच्या हाताने दुरुस्त करू नये, कारण तुमच्या घरात फिरवलेला चमचा दहाही घरांच्या भांड्यांत फिरतो.

आणि जिथे जाळेच नाही तिथे? तिथे पेनड्राइव्ह आहे. पिपला 'डाउनलोड' अशी आज्ञा दिली तर तो माल घरात न मांडता नुसता एका फोल्डरात गोळा करतो. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घालून एसटीने न्यावा, आणि दुसऱ्या यंत्रावर पिपला सांगावे की कोठाराकडे जाऊ नकोस, या फोल्डरातूनच घे. धाराशिवला एकदा उतरवलेला माल उमरगा, लोहारा, कळंब येथे एका पैशाच्या डेटाशिवाय पोचतो. एवढेच पाहावे की दोन्ही यंत्रांची जात आणि पायथनची आवृत्ती एक आहे. विंडोजचा माल लिनक्सला लागत नाही.

पुष्कळ जण मात्र पेनड्राइव्हवर बिऱ्हाडाचा सबंध फोल्डरच उचलून नेतात. ते चालत नाही. त्या फोल्डरात जुन्या यंत्रावरचे पत्ते कोरलेले असतात. नव्या जागी ते पत्ते लागत नाहीत. चूल उचलून नेता येत नाही. न्यायची ती शिध्याची यादी.

ही यादी हा आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. पिपला 'फ्रीझ' म्हटले की बिऱ्हाडात काय काय आहे ते तो आवृत्तीसकट लिहून देतो. 'पांडाज आहे' एवढे लिहिणे म्हणजे मस्टरवर 'एक गडी होता' असे लिहिणे. कोणता गडी, किती नंबरचा, हे हवे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत हे आपण ऐकून आहात. साचा तोच, पाळी तीच, उभा माणूस मात्र दुसरा. पॅकेजचेही तसेच आहे. नाव तेच, आवृत्ती रातोरात बदली. पांडाजची २.० ही आवृत्ती २०२३ च्या एप्रिलमध्ये आली आणि कोष्टकाला ओळ जोडण्याची 'अपेंड' ही जुनी सोय तिच्यातून काढून टाकली गेली. २०२१ मध्ये त्या सोयीवर लिहिलेले कार्यक्रम नव्या आवृत्तीत बंद पडले. ज्यांच्या यादीत आवृत्तीचा आकडा होता त्यांनी जुने बिऱ्हाड पुन्हा मांडले. ज्यांच्या यादीत नुसते नाव होते ते शोधत बसले.

यादीत आणखी एक गोष्ट घालता येते, फाइलीचा अंगठा. प्रत्येक फाइलीवरून गणिताने एक लांबलचक खूण काढतात. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. ती यादीत लिहून ठेवली तर पिप माल उतरवताना अंगठा जुळवून पाहतो आणि जुळला नाही तर घरात घेत नाही. ज्याने आयुष्यभर पगारपत्रकावरचे खोटे अंगठे पाहिले, त्याला या युक्तीचे मोल सांगावे लागत नाही.

कार्यक्रम बंद पडणे हे त्यातल्या त्यात बरे. निदान कळते तरी. याहून वाईट म्हणजे कार्यक्रम चालतो आणि आकडा वेगळा देतो. उदाहरण छोटे आहे, पण लक्षात ठेवण्यासारखे. पायथनच्या दुसऱ्या पिढीत अडीचला जवळच्या पूर्णांकात आणा म्हटले तर उत्तर तीन येई. तिसऱ्या पिढीत उत्तर दोन येते, कारण तिथे अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. एखाद्याचा एका महिन्याचा फरक ११२ रुपये ५० पैसे असेल तर एका बिऱ्हाडात तो ११३ होतो, दुसऱ्यात ११२. कोणतीही लाल ओळ येत नाही. आठ आण्यांचा प्रश्न, असे कोणी म्हणेल. पण मालकाचा वकील आठ आण्यांसाठी उभा राहत नाही. तो प्राधिकाऱ्यापुढे म्हणतो, साहेब, यांच्या तक्त्यात आणि आज केलेल्या हिशेबात मेळ नाही, सबब सगळा तक्ता अविश्वसनीय आहे. आठ आण्यांच्या फटीतून पाच वर्षांचा फरक गळून जातो. पायथनची दुसरी पिढी २०२० च्या आरंभी कायमची थांबली, पण दावे तिच्यापेक्षा दीर्घायुषी आहेत. म्हणून पायथनची स्वतःची आवृत्तीही यादीत हवी. ती वेगळी लिहावी लागते, 'फ्रीझ' ती देत नाही. पैशाचा हिशेब तर 'डेसिमल' या सोयीने करावा आणि अर्धा रुपया कोणीकडे न्यायचा हे कार्यक्रमात स्पष्ट शब्दांत लिहावे.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा ना. २०२३ मध्ये सरकारदरबारी शहराचे आणि मग जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. म्हणून २०१९ च्या मस्टरवरचे उस्मानाबाद कोणी खोडून काढील काय? जुना कागद जुन्याच नावाने वाचावा लागतो.

आता त्या कोठारात माल भरणाऱ्यांविषयी. ही पॅकेजे लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याबद्दल दमडीही मिळत नाही. नोकरी सांभाळून रात्री बसून ते लिहितात, आणि त्यांच्या श्रमावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहतात. २०१६ च्या मार्चमध्ये नोडच्या कोठारात एक प्रकरण घडले. अझेर कोचुलु नावाच्या लेखकाच्या एका पॅकेजचे नाव एका कंपनीला हवे होते. कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला देण्याचे ठरवताच त्याने आपली सारी पॅकेजे काढून घेतली. त्यांत 'लेफ्टपॅड' नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. काम एवढेच की मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची. त्या अकरा ओळी नाहीशा होताच जगभर हजारो ठिकाणी नवी बिऱ्हाडे मांडता येईनात, आणि काही तासांत चालकांना ते पॅकेज परत ठेवावे लागले. पुढे त्यांनी माल मागे घेण्याचे नियम कडक केले. आमच्या भाषेत हा एका माणसाचा संप होता. संप बरोबर की चूक यावर विद्वानांनी वाद घालावा. आमच्या लक्षात आले ते असे, की ज्यांनी माल आधीच आपल्या फोल्डरात गोळा करून ठेवला होता त्यांची कामे त्या दिवशी अडली नाहीत. आणि हेही, की अकरा ओळी लिहिणाऱ्याचे नाव तोपर्यंत कोणी विचारले नव्हते.

मोठ्या यंत्रांवर काय चालते हे आम्ही कुतूहलाने विचारून घेतले. २०२४ च्या सप्टेंबरात पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र नावाचे तीन महासंगणक देशाला अर्पण झाले. पुण्याचा महासंगणक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा सामायिक यंत्रावर अनेक संशोधक एकाच वेळी काम करतात. तिथे कोणालाही मूळ यंत्रात हात घालू देत नाहीत. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या जागेत आपले बिऱ्हाड मांडायचे. तुळजापूरच्या पोराच्या जुन्या लॅपटॉपला जो नियम, तोच दुर्बिणीच्या यंत्राला. डेबियन या लिनक्सच्या २०२३ च्या आवृत्तीपासून तर यंत्रच आडवे येते. यंत्राच्या स्वतःच्या पायथनात पॅकेज घालू गेल्यास पिप नकार देतो आणि वेगळे बिऱ्हाड मांडा म्हणून सांगतो. तरीही हट्ट असेल तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असे शब्द स्वतःच्या हाताने टंकावे लागतात. बॉयलरचा पाना घरी नेणाऱ्याकडून 'मी बॉयलर बिघडवीत आहे' असे लिहून घ्यावे, तसेच हे. हा नियम ज्याने केला त्याने एखादा कारखाना जवळून पाहिला असावा.

कारखान्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. गळीत हंगाम चालू असताना कोणताही शहाणा इंजिनियर मिलचे रोलर बदलत नाही. ते काम हंगाम संपल्यावर. आवृत्त्या बदलण्याचेही तसेच ठेवावे. जुनी आवृत्ती कायम धरून बसणेही बरे नव्हे, कारण तिच्यातल्या चोरवाटा उघड झालेल्या असतात आणि दुरुस्ती नव्यातच मिळते. म्हणून सुनावण्या नसतील अशा महिन्यात आमच्या कचेरीत दुसरे बिऱ्हाड मांडतात, त्यात नव्या आवृत्त्या घालतात आणि हाताने तपासलेले तीन जुने दावे दोन्ही बिऱ्हाडांतून काढून पाहतात. पैसा न पैसा जुळला तर पुढचे काम नव्यात. जुन्याची यादी त्या त्या दाव्याच्या फाइलीत छापून लावलेली असते, तक्त्याच्या पाठीमागे. ती यादी पाहून एका वकिलांनी हे कुठले औषध म्हणून विचारले होते.

ही यादी सगळ्यालाच पुरते असे मात्र नाही. मस्टरांचे फोटो वाचणारे मूळ इंजिन पायथनच्या बाहेर, थेट यंत्रात बसवलेले असते. पिपच्या यादीत ते येत नाही. त्याची आवृत्ती मुलगा यादीच्या खाली पेनाने लिहितो. डॉकर नावाच्या साधनाने बिऱ्हाडाबरोबर भिंती आणि छप्परही बांधून नेता येते, परंतु आमच्या कचेरीतल्या यंत्राला तेवढे ओझे पेलत नाही. पेन आहे तोवर चालेल.

शिकायचे कुठे, असे तरुण मंडळी विचारतात. पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने बोलके पाठ केले आहेत, आणि मराठीही त्यांत आहे. आम्ही पन्नाशीत त्यांवरून शिकलो. इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला त्या मुलाने एक संगणक मांडून ठेवला आहे. त्यावर दोन बिऱ्हाडे शेजारी शेजारी आहेत. एकात ११३ येतात, दुसऱ्यात ११२. ज्यांनी पेनड्राइव्ह आणले असतील त्यांना पॅकेजांचा फोल्डर भरून मिळेल, फक्त आपले यंत्र कोणते आणि पायथन कोणते हे त्याला आधी सांगावे. साडेनवाला वीज जाणार आहे असे चालकांनी कळवले आहे, तेव्हा प्रश्न त्याच्याजवळ उभे राहूनच विचारावेत.